मृण्मयीस, श्रुतीच्या फोननंतर

नौपाडा, ठाणे

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, नुसती चक्कर होती, विषय संपला." मी बरं म्हटलं. पण मला ते तुझ्याकडून कळलं नाही. श्रुतीनं कळवलं, तेही तुला घणसोली स्टेशनच्या जिन्यावर बसवून, पाणी पाजून, रिक्षात घालून ऑफिसला सोडल्यावर. गुणाची पोर आहे. फोनवर बोलायला गेलं की आपलं वाजतं, म्हणून लिहायला बसले. चक्करचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

वजन उतरवायला माझा विरोध नाही, हे आधी सांगते, कारण रविवारी जाताना तू नेमका तोच आरोप करून गेलीस. तुझा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, 5.9 आला त्या रात्री मी जागी होते. 5.7 च्या पुढे गेलं की डॉक्टर माणसाला मधुमेहाच्या उंबरठ्यावर धरतात, आणि आपल्या घरात त्या उंबरठ्यावरून अजून कुणी मागे फिरलेलं नाही. अप्पांच्या पायाचं तू पाहिलंयस. तू मागे फिरणारी पहिली असशील असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. मनात आणलं की तू करतेसच.

पण किती करायचं, गं? 2002 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुझ्यासारख्याच उंबरठ्यावरच्या लोकांना त्यात बेताचं खायला, 7 टक्के वजन उतरवायला आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करायला सांगितलं होतं. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. तुझ्या 72 किलोचे 7 टक्के म्हणजे 5 किलो. तू तीन महिन्यांत 16 उतरवलेस. आठवड्याला अर्धा, फार तर एक किलो, असं डॉक्टर सांगतात, आणि तू त्याच्याही पुढे धावतेयस. मग जिन्यावर बसायची वेळ येणार नाही तर काय?

काढला विषय. असो.

बाबांच्या शुगरच्या वेळी आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला समोर बसवून हिशेब शिकवला होता. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. तासभर भरभर चालून जळतात अडीचशेच्या आसपास. म्हणजे खाणं तेच ठेवून रोज तासभर चाललं, तर महिन्याला कसाबसा एक किलो, आणि चालून आल्यावर एक वडापाव खाल्ला की चालणं पाण्यात. म्हणून वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. बाबांचं तसंच उतरलं. भाताची एक मूद गेली, फोडणीचं तेल मोजून पडायला लागलं (चहाच्या एका चमच्यात 45 कॅलरी), आणि त्या जागी उसळ आणि ताक आलं.

मग बाई चालायला कशाला सांगत होत्या? जेवणातून रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त स्नायू ओढून घेतात, म्हणून. आणि उतरलेलं वजन उतरलेलं राहावं म्हणून. शरीर लहान झालं की त्याला लागतंही कमी आणि भूक मात्र वाढते. तिथे रोजचं चालणं उपयोगी पडतं. पण स्नायूच नीट राहिले नाहीत तर ते काम करणार कोण? पोट मारून झपाट्यानं उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. "माझा बीएमआय आता परफेक्ट आहे," म्हणालीस ना? तो नुसता उंचीच्या मानानं वजनाचा आकडा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय 22.3. त्या गोऱ्या डॉक्टरांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. आपल्या लोकांची अंगकाठीच तशी. काट्यावरचा आकडा आतलं काही सांगत नाही.

हे व्याख्यान झालं, कळतंय मला. रागावू नकोस.

शाळेत असताना पहाटे दादोजी कोंडदेव स्टेडियमवरून यायचीस ते आठवतं? बूट काढायच्या आधी दारातूनच, "आई, खायला!" मी तव्यावर थालीपीठ टाकलेलं असायचंच. पहिलं उभ्या उभ्या, लोणी बोटानं पसरत. दुसऱ्याला बसायचीस. वर्षा मॅरेथॉनला भर पावसात धावलीस, चिखलानं पोटऱ्यांपर्यंत माखून आलीस, आणि त्या वर्षी शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी तुझं नाव घेतलं तेव्हा बाबा टाळ्या वाजवायचे थांबेचनात. तेव्हा तुझ्या पळण्याला भूक होती. आता नेरुळला ज्वेलच्या तळ्याभोवती रिकाम्या पोटी फेऱ्या मारतेस आणि त्यावर सकाळी ब्लॅक कॉफी.

रविवारी तू भाजी टिश्यूपेपरनं टिपून घेतलीस. बदाम मोजून वाटीत घेतलेस, त्यातले दोन परत डब्यात टाकलेस. मेचा महिना, पंखा फुल्ल, आणि तू आजीची शाल घेऊन बसलीस. रात्री पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये आवाज बंद करून पुरणपोळीचा व्हिडिओ बघत होतीस. मी काही न बोलता आत गेले.

मंगळवारनंतर वाचत बसले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं सावरायचं हे शिकण्यासाठी. रोज सुमारे 1,570 कॅलरी आणि आठवड्याला 35 किलोमीटर चालणं. त्यांना उन्हाळ्यात थंडी वाजायची. चक्कर यायची, केस गळायचे, चिडचिड व्हायची. आणि त्यातले काही पोरगे पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. मृण्मयी, त्यांना 1,570 मिळत होत्या. तुझ्या ॲपवर मी 900 वाचल्या.

पाळीचं विचारलं तर "येईल" म्हणालीस. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर आधी तेच बंद करतं, आणि ते लांबलं की हाडं ठिसूळ होतात. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. मी स्वतः घाबरलेय म्हणून सांगतेय.

वजन परत वाढव असं म्हणत नाहीये. फक्त आता उतरवणं थांबव. पळायच्या आधी केळं, आल्यावर दोन अंडी, डब्यात पोळी आणि वाटीभर उसळ. पळणं थोडं कमी करून आठवड्यातून दोनदा वजनं उचल, जिमची फी भरलीच आहेस. पण ते सगळं नंतर. आधी डॉक्टर, आणि त्यांना कॅलरींचा खरा आकडा सांग, मला सांगतेस तो नको. हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड त्या करायला लावतीलच. मी यायला तयार आहे. नको असेन तर बाहेर बसेन.

शनिवारी बाबा वाशीला सुधाकाकूंकडे येतायत, तिथून तुझ्याकडे येतील. भाजणी आणि मेतकूट पाठवतेय. मंगळवारचं त्यांना मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांग.

तुझी,
आई