बाजू संपेपर्यंत गाडी थांबवायची नाही

आदरणीय चाचा,

सलाम आणि नमस्कार.

हे पत्र तुमच्या टेप दुरुस्तीच्या दुकानात येऊन हातात देता आलं असतं. पण तुम्ही आभाराचा शब्द काढू देत नाही. मागच्या वेळी आम्ही दोघींनी तोंड उघडलं, तर तुम्ही पोराला चहा सांगायला पिटाळलंत आणि विषयच बदललात. म्हणून आता चार लोकांसमोर, लिहून. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. आणि बीडमध्ये ज्यांच्या घरात अजून टेप वाजतो, त्यांना तुमचं नाव सांगायची गरजही नाही.

गाडी तुम्हाला आठवत असेल. 2005 ची पांढरी मारुती 800, सिस्टरच्या वडिलांची. (माझ्या मैत्रिणीला तुम्ही सिस्टर म्हणता आणि मला बाई. इथंही तेच ठेवते.) डिसेंबरात आम्हाला त्या गाडीनं जैसलमेरला जायचं होतं आणि तिथं वाळूत दोन दिवस पायी फिरायचं होतं. शाळेत असताना भूगोलाच्या तासाला ठरवलेली गोष्ट. मग लग्नं, बदल्या, पोरं, तिच्या रात्रपाळ्या, माझे निकाल यात तीस वर्षं गेली. एकाच गावात राहून आम्ही वर्षाकाठी दोनदा भेटत होतो. तेही कुणाच्या तरी लग्नात.

गाडीतला टेप बंद होता. एका मोठ्या दुकानात दाखवला, तर तिथल्या मुलानं हातही न लावता सांगितलं, "हे काढून टाका, स्क्रीन बसवा, फोन जोडा." त्याचं चुकलं असं नाही. पण सिस्टरचे वडील जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि गाडीतली एकही वस्तू तिला हलवायची नव्हती. आरशाला लटकवलेली लिंबू-मिरचीची प्लॅस्टिकची माळसुद्धा. तिथून बाहेर पडलो तेव्हा ती गप्प होती. मग कुणीतरी तुमचं दुकान सांगितलं.

तुम्ही टेप उघडला, तो मी अगदी टेबलाला नाक लावून पाहिला. आतल्या रबरी बेल्टचं अक्षरशः डांबर झालं होतं. ते तुम्ही स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुलीच्या खाचेतून काढत होतात. काळा बोळा टाकायचा, नवा घ्यायचा, असे अकरा बोळे झाले. नवा बेल्ट चढवला. रबराचा रोलर पुसला. फितीवरचा आवाज उचलणारं हेड पुसलं, बोटानं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरसारखं हलक्या हातानं. टेप वाजायला लागला तेव्हा आम्ही दोघी खूश होऊन पर्स उघडली, तर तुम्ही म्हणालात, "थांबा, अजून बाईचा आवाज घशात अडकलाय." मग हेडच्या बाजूचा तो बारका स्क्रू केसभर फिरवला. पुन्हा केसभर मागं. डोळे मिटून. आणि लताबाईंचा आवाज एकदम पडद्याआडून पुढं आल्यासारखा झाला. मी घरात, गाडीत, मांडवात इतकी वर्षं गाणी ऐकली, पण आवाज 'उघडतो' म्हणजे काय ते त्या मिनिटाला कळलं.

बेल्टचे ऐंशी, मजुरी दोनशे. तेवढेच घेतलेत.

पण खरे आभार त्यानंतरचे आहेत. आम्ही कुठं निघालोय ते ऐकून तुम्ही माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढलात आणि तुमच्या स्वतःच्या सात कॅसेटी वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्यात. अनोळखी दोघींना! सोबत एक पाऊच: बारका स्क्रू-ड्रायव्हर, कापूस, स्पिरिटची बाटली, जादा बेल्ट, स्क्रूचं एक रिकामं कॅसेटचं कवच, फीत जोडायची चिकटपट्टी. आणि एकच अट घातलीत: "गाणं पुढं ढकलायचं नाही. कॅसेटची बाजू लावली की बाजू संपवायची. ज्यानं ती बसवलीय त्यानं काहीतरी इचार करून एकापुढं एक गाणं ठेवलंय. बाजू संपेपर्यंत गाडी थांबवायची नाही, मधी बोलायचं नाही."

बोलायचं नाही, ही अट मला तेव्हा जरा जाचक वाटली होती. पहिल्या दिवशी गेवराई ओलांडेपर्यंत आमच्याकडे बोलायला तसंही फारसं नव्हतं. 'तब्येत कशी', 'पोरगा काय करतो' हे शहागडच्या पुलाच्या आतच संपलं. संभाजीनगरपाशी आल्यावर सिस्टरनं 'जैत रे जैत'ची पहिली बाजू लावली. 1977 चा सिनेमा, आम्ही दोघी तेव्हा जन्मलेल्याही नव्हतो. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांचं संगीत. गाणी सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत, पण सुटी सुटी. ओळीनं ऐकली तेव्हा कळलं की तो एक आख्खा डोंगर आहे. पाऊस, रात्र, ढोल, ठाकरांचा नाच सगळं एकाच्या पोटातून दुसरं निघतं. बाजू संपली तेव्हा आम्ही संभाजीनगर सोडून कन्नडच्या रस्त्याला होतो. महानोरांचं पळसखेड तिकडंच उजव्या अंगाला, सोयगाव तालुक्यात. कॅसेट उलटी करताना सिस्टर म्हणाली, "बाबा शेतात मोट हाकताना हे म्हणायचे. मला वाटायचं त्यांचंच आहे." दीड वर्षात ती वडिलांविषयी माझ्याशी पहिल्यांदा बोलली, चाचा. दुसरी बाजू तासभर उशिरा लागली. ती अट तेवढी एकदा मोडली, माफ करा.

तिथून पुढं सगळा प्रवास आम्ही किलोमीटरांत नाही, बाजूंत मोजला. धुळं सोडून सेंधव्याचा घाट एक बाजू. खलघाटला नर्मदा ओलांडली तेव्हा दुसरी. आपल्या बीडवरून जातो तोच 52 नंबरचा हायवे सरळ इंदूरला नेतो, हे मला गाडी चालवेपर्यंत ठाऊक नव्हतं. इंदूरच्या अलीकडं अंधार पडल्यावर कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं लावली, कारण कॅसेटच्या डबीवर तुमच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'देवास जवळ आल्यावर'. क्षयाच्या आजारात हवापालटाला म्हणून कुमारजी तिथं आले आणि तिथलेच होऊन राहिले. सिस्टरनं क्षयाच्या वॉर्डात सहा वर्षं काढली आहेत. ती म्हणाली, "हा माणूस श्वास कुठं घेतो ते ऐक." मग मीही गाणं सोडून नुसते श्वास ऐकत राहिले. छोट्या छोट्या तुकड्यांनी, घाव घातल्यासारखं गाणं. मला ही भजनं आधी कधी आवडली नव्हती, आता ती कॅसेट माझ्या पहिल्या तिनांत आहे.

चित्तोडला किल्ल्यावर मीरेचं देऊळ पाहिलं. खाली येऊन 'चला वाही देस'. लताबाई आणि हृदयनाथ यांची ही कॅसेट मला सातांमध्ये सगळ्यांत प्रिय. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहिता येत नाही.

जोधपूर आम्ही पहाटे साडेचारला सोडलं, तुमच्याच सांगण्यावरून. 'कॉल ऑफ द व्हॅली'ची पहिली बाजू उजाडायच्या आत लावायची, असं तुम्ही बजावलं होतंत. 1967 ची रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, अहिर भैरवपासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. काबरा मूळचे जोधपूरचेच, हे तुम्ही सांगितलं होतं म्हणून शहर मागं पडताना गिटारीकडं कान गेला. पोकरणच्या अलीकडं लाल उजाडलं आणि रस्त्याच्या कडेनं खरोखरीच एक माणूस मेंढरं घेऊन चालला होता. काश्मीर नव्हतं, पण त्याला काय!

आता वाळवंटाचं. तुम्ही निघताना एवढंच मागितलं होतंत: "वाळूचा आवाज कसा येतो ते येऊन सांगा." दुकानात गर्दी होती, नीट सांगता आलं नाही. इथं सांगते.

खुरी गावातून आम्ही दोन दिवस चाललो. सोबत तिथला एक उंटवाला, उंटावर पाणी आणि गोधड्या. वाळूच्या टेकडीला ते 'धोरा' म्हणतात. धोऱ्याची वाऱ्याकडची बाजू पसरट आणि घट्ट असते, तिच्यावरून चालायचं; पाठीमागची उतरती बाजू भुसभुशीत, तिथं पाऊल घातलं की पोटरीपर्यंत जातं आणि सगळा उतार तुमच्यासोबत खाली येतो. हे आम्हाला पहिल्या तासात कुणी न सांगता कळलं. बूट काढले. वाळू सकाळी पाण्यासारखी गार लागते आणि दुपारी, डिसेंबर असूनही, वरवरच कोमट होते, बोटभर खाली पुन्हा गारच.

मला वाटलं होतं परक्या मुलखात आलोय. पण बांधावरची रुई तीच. खेजडी म्हणून ज्या झाडाला ते जपतात, ती आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती. तिच्या शेंगांची, सांगरीची, भाजी आणि बाजरीची जाड भाकरी जेवायला. तिला ते सोगरा म्हणतात. गोडावण म्हणजे आपल्या नान्नजचा माळढोक. आम्हाला दिसला नाही. जैसलमेरला वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उंटवाल्यानं घरच्या टाक्यावरचं कुलूप दाखवलं तेव्हा त्याला नवल वाटलं, की या दोघींना कुलपाचं आश्चर्य कसं वाटत नाही. बीडच्या बायकांना पाण्याच्या कुलपाचं काय आश्चर्य?

रात्री वारा पडला. शेकोटी विझली. आणि तेव्हा आवाज आला, चाचा. कॅसेट लावल्यावर पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी जी कोरी फीत असते ना, तिचा 'सूं' आवाज, तसा. काहीतरी सुरू होणार आहे असा. धोऱ्याच्या माथ्यावरून कणकण वाळू घरंगळत होती, अंधारात दिसत नव्हती. आम्ही दोघी गोधडीत बसून ऐकत होतो. सिस्टरनं हात धरला. तिनं न विचारता मीही त्या रात्री तिला बरंच सांगितलं, जे इथं लिहायचं नाही.

दुसऱ्या रात्री गावात परतलो आणि घात झाला. 'लेकिन'ची कॅसेट लावलेली. वाळवंटात अडकून पडलेल्या बाईची ती गोष्ट, त्यातल्या गाण्यासाठी लताबाईंना आणि संगीतासाठी हृदयनाथांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले. वाळवंटात ऐकायची म्हणून राखून ठेवली होती. आवाज एकदम जड झाला, गाणं पाण्यात बुडाल्यासारखं, आणि टेपनं फीत खाल्ली. आमच्या कपड्यांतली वाळू आत गेली होती. तुमची कॅसेट! मला रडू आलं.

रात्रीचे साडेनऊ वाजलेले. फोन केला. तुम्ही जेवत होतात, मागून ताटाचा आवाज येत होता. एका शब्दानं रागावला नाहीत. "ओढू नका. आधी चावी बंद. आता सांगतो तसं करा." व्हिडिओवर पाऊण तास. सिस्टरचे हात नर्सचे, थरथरत नाहीत; मी टॉर्च धरला. रोलरला गुंडाळलेली फीत पेन्सिलीच्या टोकानं वेढा वेढा सोडवली. पाच स्क्रू काढून तिला तुमच्या रिकाम्या कवचात बसवलं. एक तुकडा मात्र चुरगळून फाटलेला. तुम्ही म्हणालात, "कापा." सिस्टरनं विचारलं, किती जाईल? "तासाभराच्या कॅसेटीत शहाऐंशी मीटर फीत असती. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळती. दोन बोटं कापा, एक सेकंद जाईल. एका सेकंदाला काय घाबरता?" ब्लेडनं तिरका काप, टोकाला टोक, वरून पट्टी, नखानं घासून. साधी सेलोटेप लावायची नाही, तिचा डिंक सुटून पुढं हेडला चिकटतो, हे तुम्ही तीनदा सांगितलं.

लावली. वाजली. सांध्यावर आवाज किंचित अडखळतो, उंबऱ्याला पाय लागल्यासारखा, आणि पुढं जातो. तुम्ही फोनवर ती आख्खी बाजू ऐकलीत, मगच फोन ठेवलात. तुमचं ताट गार झालं असणार.

परत आल्यावर सहा कॅसेटी दिल्या, तेव्हा 'लेकिन' तुम्ही दुकानात लावलीत. सांधा आला तसे हातातलं काम थांबवलंत, नंतर काही न बोलता ती परत पाऊचमध्ये घालून सिस्टरपुढं सरकवलीत. आता ती मारुतीच्या डॅशबोर्डमध्ये असते. दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी गाडी काढून खजाना विहिरीपर्यंत जातो आणि परत येतो. जाताना एक बाजू, येताना दुसरी.

'चला वाही देस' अजून माझ्याकडेच आहे, विसरलेले नाही. पुढच्या रविवारी दुकानावर आणून देते. सांगरीची एक पुडी ठेवलीय, चाचीला सांगा रात्रभर भिजत घालायला. आणि सिस्टरच्या घरी बाबांचा जुना रेडिओ निघालाय, तोही घेऊन येतोय. बाईचा आवाज त्यातही घशात अडकलाय.

तुमच्या,
बाई आणि सिस्टर