केवळ एका चाचणीवर विसंबू नये

महोदय,

एचआयव्हीबाधित व्यक्तीची हिपॅटायटिस बीसाठीची तपासणी पुष्कळदा एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन शोधणारी) या एकाच चाचणीवर थांबते. ती सकारात्मक आली तर विषाणू शरीरात आहे एवढेच कळते. तो किती सक्रिय आहे हे जाणण्यासाठी रक्तातील त्याच्या डीएनएचे प्रमाण, ई-प्रतिजन (विषाणू जोमाने वाढत असल्याचे सुचवणारे त्याचे प्रथिन) आणि यकृताची इजा दाखवणारे एएलटी हे सर्व एकत्रितपणे पाहावे लागते. त्यातही एएलटीवर फार भिस्त नको, कारण ते औषधांमुळे, मद्यामुळे किंवा एआरटीनंतर (एचआयव्हीविरोधी औषधोपचारांनंतर) सावरणाऱ्या प्रतिकारशक्तीमुळेही वाढते.

एचबीएसएजी नकारात्मक असूनही केवळ अँटी-एचबीसी प्रतिपिंडे (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची, संसर्ग होऊन गेल्याची खूण) आढळणे एचआयव्हीबाधितांमध्ये तुलनेने अधिक दिसते आणि त्यांतील काहींच्या रक्तात विषाणूचा अत्यल्प डीएनए सापडतो. हा सुप्त संसर्ग उपचार बदलताना महत्त्वाचा ठरतो. टेनोफोविर हे औषध एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या दोन्ही विषाणूंना आवर घालते. लॅमिव्ह्युडिनही घालते, परंतु हिपॅटायटिस बीविरुद्ध ते एकटेच दिल्यास विषाणू कालांतराने त्याला दाद देईनासा होतो. म्हणून एचआयव्हीवरील टेनोफोविर वगळलेली दोन औषधांची सुटसुटीत (आणि एरवी स्वागतार्ह) पद्धत स्वीकारण्यापूर्वी या चाचण्या न झाल्यास दबलेला विषाणू उसळून यकृताला गंभीर धोका पोहोचू शकतो.

उपचारांनंतर डीएनए ‘आढळला नाही’ असा अहवाल आला की अनेक रुग्ण स्वतःला बरे झालेले समजतात. वस्तुतः यकृतपेशींच्या केंद्रकात विषाणूचा वर्तुळाकार डीएनए टिकून असतो. अहवाल हाती देतानाच रुग्णाला हे सांगितले जावे.

— एक वाचक