शेतावरच्या जुन्या घरासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

शेतावरचे जुने घर मालकांनी दीर्घ मुदतीच्या कराराने आपल्या मंडळाकडे सोपवले आहे. घरात कलाकारांना राहण्यासाठी खोल्या आणि शेजारच्या गोठ्यात त्यांची कार्यशाळा, असा बेत आहे. आराखडा तयार आहे. अडले आहे ते छपरापाशी.

तुळया दिसायला धडधाकट आहेत, पण भिंतीत गेलेली टोके ओलीने कुजली आहेत. अख्खी तुळई बदलण्याची गरज नाही. कुजका भाग कापून तसल्याच लाकडाचा तुकडा सांधता येतो. मात्र त्यासाठी हात बसलेला सुतार लागतो आणि त्याची मजुरी द्यावी लागते. देणगीचा पहिला पैसा इथेच जाईल.

गोठ्याचे दुखणे निराळे. जनावरांचे मूत्र वर्षानुवर्षे मुरल्याने भिंतींच्या पायथ्याला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटला आहे. मागे कुणीतरी एका भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापला. त्याने लोणा झाकला, पण ओल आत कोंडली. तो गिलावा खरवडून चुन्याचा करायचा आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, तोवर तो ओलसर ठेवावा लागतो. रोज पाणी शिंपडायला कसब लागत नाही, सवड लागते. ज्यांना पैसे देणे जमणार नाही त्यांनी ही पाळी जरूर घ्यावी.

चित्रकारांसाठी छपराच्या उत्तरेच्या पाखीत, म्हणजे उतारात, काचेची कौले बसतील, म्हणजे वर्षाचा बराच काळ ऊन कमी येऊन उजेड मिळेल. मूर्ती आत-बाहेर नेता याव्यात म्हणून गोठ्याचे रुंद दार तसेच ठेवू. मातीकामाच्या विजेच्या भट्टीला स्वतंत्र वायरिंग हवे. शिवाय झाकणाचे पत्र्याचे डबे हवेत, कारण तैलरंगात वापरतात त्या जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या ढिगात पडून राहिल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. असल्या गोष्टींसाठी देणगी द्यावी हे सहसा कुणाला सुचत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

कुणी जुने घर उतरवत असेल तर कौले, वासे, दारे टाकून देऊ नका. आम्ही येऊन घेऊन जाऊ. रंग, पंखे आणि खुर्च्या मात्र एवढ्यात नकोत, ठेवायला कोरडी जागा नाही.

देणगी मंडळाच्या कार्यालयात द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल. पाऊस लागण्याआधी कौले चढवायची आहेत, तेव्हा सुतारकाम जाणणाऱ्यांनी सर्वांत आधी कळवावे.