ग्लासगोच्या डॉ. ॲलन फाउलिस यांना, एका आईकडून

आदरणीय डॉ. फाउलिस,

मधुमेहाने दगावलेल्या मुलांची स्वादुपिंडं तुम्ही चिकाटीने गोळा केलीत आणि तपासलीत, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत. वाक्य कठोर वाटेल, पण मला दुसरं सुचत नाही. माझी मुलगी टाइप वन मधुमेह घेऊन वाढते आहे. तिच्या आजाराबद्दल आज जे खात्रीने सांगता येतं, त्यातलं बरंच काही त्या मुलांमुळे कळलं आहे. पत्र मराठीत लिहिते, कारण इथल्या आईबापांनाही तुम्ही माहीत व्हावेत अशी माझी इच्छा आहे.

निदान झालं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. घरी येणारं प्रत्येक माणूस विचारायचं, "गोड फार खायची का हो?" कुणी माझ्या गरोदरपणातल्या डोहाळ्यांपर्यंत पोचलं. हा शरीराच्या प्रतिकारशक्तीचाच हल्ला आहे, यात कुणाचा दोष नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्यावर माझा विश्वासही होता. पण मला जाणून घ्यायचं होतं की हा हल्ला प्रत्यक्ष डोळ्यांनी कुणी पाहिला. तेव्हा ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयातल्या पॅथॉलॉजी विभागाचं आणि तुमचं नाव समोर आलं.

स्वादुपिंड असतं जठराच्या मागे, खोलवर. जिवंत माणसाच्या स्वादुपिंडाचा तुकडा काढणं जोखमीचं. पुढे नॉर्वेत ६ प्रौढ रुग्णांनी संशोधनासाठी तो काढू दिला, पण गुंतागुंत झाली आणि तो प्रयत्न तिथेच थांबवावा लागला. मृत्यूनंतर हा अवयव स्वतःच्याच पाचक रसांनी विरघळू लागतो. शिवाय इन्सुलिन आल्यापासून निदान होताहोताच मूल जाणं तुमच्या देशात, सुदैवाने, दुर्मीळ झालं होतं. ब्रसेल्सचे विली गेप्ट्स यांनी १९६५ मध्ये आजार सुरू झाल्यावर सहा महिन्यांच्या आत दगावलेल्या २२ रुग्णांचे नमुने पाहिले. त्यांतल्या १५ जणांच्या लँगरहॅन्सच्या बेटांत, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांत, त्यांना प्रतिकारशक्तीच्या पेशी शिरलेल्या दिसल्या. त्या काळी एवढंही फार होतं.

तुम्ही मात्र अख्ख्या ब्रिटनमधले, २५ वर्षांतले, विशीच्या आतले मृत्यू धुंडाळलेत. ठिकठिकाणच्या रुग्णालयांतले शवविच्छेदनाचे नमुने मिळवलेत. प्रत्येक नमुन्यामागे एक घर होतं, आणि त्या घराच्या दृष्टीने ती फाइल कधीच बंद झाली होती. ती पुन्हा उघडून बघावीशी वाटणं, हे मला तुमच्या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं.

१९८६ चा तुमचा निबंध मला एकटीला झेपला नसता. मुलीच्या डॉक्टरांनी एका संध्याकाळी बसून तो समजावून दिला. नुकताच आजार झालेल्या ६० मुलांपैकी ४७ जणांत बेटांवरचा हल्ला तुम्हाला दिसला. पण मी थबकले ती पुढच्या आकड्यांपाशी. ज्या बेटांत अजून इन्सुलिन होतं, त्यांतल्या २३ टक्के बेटांवर हल्ला चालू होता. ज्यांतलं इन्सुलिन संपलं होतं, त्यांत फक्त १ टक्का. म्हणजे हल्लेखोर पेशी इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींच्या मागावर येतात, त्यांचा फडशा पाडतात आणि निघून जातात. शेजारच्या, ग्लुकागॉन हे रक्तातली साखर वाढवणारं संप्रेरक बनवणाऱ्या पेशी शाबूत राहतात. इतक्या नेमक्या हल्ल्याचा पेढ्याबर्फीशी काय संबंध? त्या दिवसानंतर तो प्रश्न मला कुणी विचारला की मी हे दोन आकडे सांगते. ऐकणारा गप्प होतो, आणि मुलगी शेजारी बसलेली असेल तर तिची मान ताठ होते.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रामाणिकपणाची. १९८७ मध्ये तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी दाखवलंत की या मुलांच्या बीटा पेशींत इंटरफेरॉन अल्फा सापडतं. विषाणू शिरला की पेशी ते बनवतात, त्यामुळे संशय विषाणूवर जाणारच. तुम्ही आपल्याच संग्रहात कॉक्सॅकीसारखे विषाणू शोधलेत, ते सापडले नाहीत, आणि १९९० मध्ये तसं स्वच्छ छापलंत. नमुने मात्र जपून ठेवलेत. २००९ मध्ये प्राध्यापक नोएल मॉर्गन यांच्या गटाबरोबर, वेगळ्या पद्धतीने, ते पुन्हा पाहिले गेले. तेव्हा ७२ पैकी ४४ मुलांच्या बेटांत एन्टेरोव्हायरसच्या (कॉक्सॅकी ज्यात मोडतो तो विषाणूंचा गट) कवचाचं प्रथिन असल्याची खूण मिळाली. मधुमेह नसलेल्या ५० बालकांत ती फक्त ३ जणांत होती. त्या निबंधावरही तुमचं नाव आहे. या खुणेचा नेमका अर्थ काय, यावर तज्ज्ञांचे मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. पण स्वतःच छापलेला निष्कर्ष पुन्हा तपासला जात असताना त्या कामात स्वतः सामील होणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

तुमचा तो संग्रह आज एक्सेटर विद्यापीठात आहे आणि जगभरचे संशोधक त्यातून शिकताहेत. त्यातूनच २०१६ मध्ये पुढे आलं की सातव्या वर्षाच्या आत निदान झालेल्या मुलांत आणि तेराव्या वर्षी किंवा त्यानंतर निदान झालेल्यांत हल्ल्याची जातच निराळी असते. लहानग्यांच्या बेटांत बी पेशींची (या बीटा पेशी नव्हेत, प्रतिकारशक्तीच्या पेशींचा एक प्रकार) गर्दी जास्त, आणि निदान होईपर्यंत इन्सुलिनची बेटं जवळजवळ संपलेली. मोठ्यांत बरीच बेटं शिल्लक. माझ्या मुलीचा हनिमून पिरियड लांबला होता, इन्सुलिनचे डोस कितीतरी महिने कमीच लागत होते. तिच्या शरीरात काय उरलं असेल, याचा अंदाज मला त्या निष्कर्षातून आला. तिची मैत्रीण चौथ्या वर्षापासून इंजेक्शनं घेते. तिला सुरुवातीपासून इतकं अवघड का गेलं, हेही थोडं उमगलं.

निदानाच्या वेळी सगळं संपलेलं नसतं, वाचवण्याजोगं काही उरतं, हे तुमच्या स्लाइड्सवर दिसलं होतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. आजार लक्षणं दाखवण्याआधीच्या टप्प्यात दिलं, तर चाचणीत ते त्याला साधारण २ वर्षं मागे ढकलू शकलं. ते औषध तुमचं नाही, ते वेगळ्या वाटेने आलं. तरी वेळेत पोचलं तर बीटा पेशी वाचवता येतील, या आशेला तुमच्या कामाचा आधार आहे. माझ्या मुलीला त्याचा उपयोग नाही, तिची वेळ निघून गेली. तिच्यानंतरच्या मुलांसाठी मला त्याचा मनापासून आनंद आहे.

आभार तुमच्याबरोबर त्या विभागात काप घेणाऱ्या, रंगद्रव्यं चढवणाऱ्या, बेटं एकेक करून मोजणाऱ्या प्रत्येकाचे. आणि ज्यांची मुलं निदानानंतर काही दिवसांतच गेली, त्या आईवडिलांचे. आपल्या मुलांचे नमुने पुढे कुणाच्या कामी आले, हे त्यांच्यातल्या कितीजणांना कळलं असेल कोण जाणे. त्यांच्यापैकी कुणाशी तुमचं कधी बोलणं झालं असेल, तर पुण्यातल्या एका घरात त्यांच्या मुलांची रोज आठवण काढली जाते, एवढा निरोप त्यांना द्या.

आपली कृतज्ञ,
टाइप वन असलेल्या एका मुलीची आई
पुणे