पोर्टेबल हार्ड डिस्कबद्दल तक्रार : बॉक्सवर छापलेला वेग आणि न छापलेली माहिती

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ४ टीबी पोर्टेबल हार्ड डिस्कच्या बॉक्सवर महत्त्वाची माहिती न देणे आणि वॉरंटीत बदलून देताना घातलेली अट.

महोदय / महोदया,

तुमच्या कस्टमर केअरकडे एक फॉर्म आहे. त्यात ‘डेटा गेला’, ‘डिस्क दिसत नाही’ आणि ‘कपॅसिटी कमी दिसते’ असे रकाने आहेत. माझी तक्रार सांगायला लागलो की फोनवरच्या ताई मला यातल्या एका रकान्यात बसवायला बघतात, आणि मी काही बसत नाही. म्हणून हे पत्र.

परभणीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो हे जुनं काम. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून स्कॅनिंगचं काम वाढलं. लोक ट्रंकेच्या तळातून खासरा पत्रक, मोडीतली खरेदीखतं, निजामकाळातले उर्दू कागद काढून आणतात. घडीवर फाटलेला कागद काचेखाली एकदाच नीट सरळ होतो, दुसऱ्यांदा उलगडायला जावं तर हातात तुकडे येतात. त्यामुळे स्कॅन झालेली फाइल हीच पुढे मूळ प्रत समजायची वेळ येते. माझ्याकडच्या फायली अशा दोन जातीच्या : काही आकारानं प्रचंड, काही आकारानं चिमूटभर पण पुन्हा न मिळणाऱ्या.

डेटा गेलेला नाही, हे आधीच सांगतो. प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवायची माझी पद्धत आहे. चालू काम एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क), एक प्रत स्टुडिओतल्या हार्ड डिस्कवर आणि एक प्रत वसमतला अक्काच्या कपाटात. तुमच्या उत्तरात ‘बॅकअप ठेवणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे’ हे वाक्य येणार हे मला माहीत आहे. ती जबाबदारी पार पाडायलाच मी तुमची वस्तू घेतली.

आणि ती विचार करून घेतली. गिऱ्हाइकाला द्यायला पेन ड्राइव्ह ठीक, पण त्यावर कायमचं काही ठेवायचं नसतं. एसएसडी वेगवान असते, पडली तरी सहसा टिकते, पण ४ टीबीची एसएसडी म्हटलं की हार्ड डिस्कच्या कितीतरी पट पैसे लागतात. शिवाय ती कपाटात वीज न देता वर्षानुवर्षं टाकून ठेवायची वस्तू नव्हे. तिच्यातला डेटा विजेच्या भारावर टिकतो आणि तो भार हळूहळू झिरपत जातो, उष्णतेत जास्तच. म्हणून साठवणीला हार्ड डिस्क. दुकानात काउंटरवर दोन कंपन्यांचे बॉक्स समोर ठेवून मी दोन्ही मागून-पुढून वाचले. तुमच्या बॉक्सवर ठळक अक्षरांत ‘सुपरफास्ट बॅकअप’ आणि ‘५ जीबीपीएसपर्यंत’ असं होतं, म्हणून तुमची घेतली.

आता त्या ५ जीबीपीएसबद्दल, म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिट. हा वेग डिस्कचा नाही, केबल आणि सॉकेटचा आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून बाइटमध्ये सांगायचं तर सेकंदाला ६२५ एमबी, आणि तोही कागदावर. तुमच्या बॉक्समध्ये फिरणाऱ्या तबकडीची डिस्क आहे. असली अडीच इंची डिस्क सेकंदाला साधारण १२० ते १४० एमबी लिहिते, मग तिला कितीही रुंद रस्ता द्या. बॉक्सवरचं ‘यूएसबी ३.२ जेन १’ हेसुद्धा नवं काही नाही. २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० लाच नंतर दोनदा नवी नावं मिळाली. नावं तुम्ही ठेवली नाहीत हे मान्य, पण त्या नव्या नावाखाली ‘सुपरफास्ट’ छापायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

हेही मी चालवून घेतलं असतं. १३० एमबी मिळाला असता तर हे पत्र लिहायला बसलोच नसतो. झालं असं की पहिल्याच मोठ्या लग्नाच्या फायली टाकल्या तेव्हा सुरुवातीला वेग १३० च्या आसपास होता, आणि काही वेळानं घसरत घसरत पंचविसावर येऊन बसला. आमच्याकडच्या लग्नाचं हल्लीचं गणित असं : फोर-के व्हिडिओ १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केला तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, हळदीपासून वरातीपर्यंत, वर रॉ फोटो. ३०० जीबी कुठंच जात नाहीत. सेकंदाला १३० एमबीनं हे काम पाऊण तासाच्या आत व्हायला हवं. २५ एमबीनं सव्वातीन तास लागतात. लग्नसराईत रात्री अकराला घरी आलेल्या माणसाला सव्वातीन तास काय असतात ते वेगळं सांगत नाही. त्यात मध्येच लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं मान टाकली, की अर्धी कॉपी झालेला फोल्डर कुठून पुन्हा सुरू करायचा ते शोधत बसा.

तुमच्या कस्टमर केअरनं आधी मला ४ टीबीची डिस्क ३.६३ टीबी का दिसते ते समजावलं. मी विचारलंच नव्हतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, हे मला ठाऊक आहे. त्यात कुणी कुणाला फसवत नाही. मग केबल बदला, अँटिव्हायरस बंद करा, डिस्क पुन्हा फॉरमॅट करा. सगळं करून झालं. शेवटी ईमेलवर एका ओळीचं उत्तर आलं : ‘या मॉडेलमध्ये एसएमआर तंत्रज्ञान असून वेगातील हा बदल रचनेनुसार अपेक्षित आहे.’

हे वाक्य बॉक्सवर का नाही, एवढीच माझ्या तक्रारीची पहिली बाजू आहे.

एसएमआर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण पत्राची प्रत ग्राहक आयोगाकडे जाण्याची शक्यता आहे, म्हणून लिहून ठेवतो. तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा मावावा म्हणून यात डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात, शेडवरच्या पत्र्यांसारख्या. खालचा एक पत्रा बदलायचा तर त्यावर चढलेले शेजारचे पत्रे उचलावे लागतात. तसंच इथे जुन्या जागी नवं लिहायचं म्हटलं की डिस्कला आजूबाजूचंही पुन्हा लिहावं लागतं. हे लगेच लक्षात येऊ नये म्हणून डिस्कमध्ये थोडी साधी जागा राखलेली असते. आलेला डेटा आधी तिथं पडतो, आणि डिस्क रिकामी बसली की सावकाश आत लावला जातो. म्हणून सुरुवातीचा वेग छान. राखीव जागा भरली की खरा वेग दिसतो. दुकानदारानं काउंटरवर एखादा सिनेमा कॉपी करून दाखवला तर कुणालाही ती सुपरफास्टच वाटेल.

ही डिस्क टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. ज्याला महिन्यातून एकदा वर्डच्या फायली, घरचे फोटो, दुकानाची बिलं उतरवायची आहेत त्याला ती पुरते, आणि किंमतही त्याच्या खिशाला बरी. माझी स्कॅन केलेली खासरा पत्रकं तिच्यावर सुखानं बसतील. पण एका बैठकीत ३०० जीबी ओतणाऱ्यानं दुसरी डिस्क घ्यायला हवी, आणि दोन्ही बॉक्स सारखेच बोलत असतील तर त्यानं निवडायची कशी? २०२० मध्ये हीच माहिती लपवल्याबद्दल जगभर आरडाओरडा झाला, तेव्हा मोठ्या उत्पादकांना कोणत्या मॉडेलमध्ये एसएमआर आहे याच्या याद्या जाहीर कराव्या लागल्या. त्यानंतरही बॉक्सवर तीन अक्षरं छापायला तुम्हाला जागा सापडत नाही. पट्टीएवढी चकचकीत निळी लाट छापायला मात्र सापडते.

दुसरी बाजू वॉरंटीची.

वॉरंटी तीन वर्षांची, आणि मुदत अजून बरीच शिल्लक आहे. मध्यंतरी डिस्कचं सॉकेट ढिलं झालं. ते रुंद, दोन खाचा असलेलं सॉकेट. केबल अंगठ्यानं डावीकडं दाबून धरली की दिवा लागतो, सोडली की विझतो. आता दाबूनही कॉम्प्युटर डिस्क ओळखत नाही. तुमच्या माणसाचं पहिलं उत्तर : हे ‘फिजिकल डॅमेज’, वॉरंटीत बसत नाही. डिस्क पडलेली नाही. तिच्यावर ओरखडा नाही. केबल लावणं आणि काढणं हा जर गैरवापर असेल, तर पोर्टेबल डिस्कचा योग्य वापर कोणता ते कळवावं.

दुसरं उत्तर आणखी मजेशीर. डिस्क ‘शिफारशीपेक्षा जास्त तापमानात’ वापरली असावी. मी तुमचं माहितीपत्रक काढून बघितलं. वापराचं तापमान ५ ते ३५ अंश. साहेब, मी परभणीत राहतो. मे महिन्यात इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, आणि हिवाळ्यात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात तो पाचाखाली उतरल्याच्या बातम्या तुम्हीही वाचत असाल. घरात तेवढी थंडी नसते हे कबूल, पण ऊन असतं. तुमची अट धरून चाललो तर उन्हाळ्यात दुपारी परभणीत, नांदेडात, बीडात कुणी बॅकअपच घ्यायचा नाही. तसं असेल तर तेही बॉक्सवर छापा आणि ही डिस्क आमच्या बाजारात पाठवू नका. आणि गरमीनं सॉकेट ढिलं कसं होतं, हे त्या उत्तरात आलंच नाही.

मी हुज्जत घातल्यावर ‘सद्भावना म्हणून’ बदलून द्यायची तयारी दाखवली. अट अशी : जुनी डिस्क छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रात जमा करायची, बदल्यात ‘रिफर्बिश्ड’ (म्हणजे आधी वापरलेली, दुरुस्त केलेली) मिळेल, जुनी परत मिळणार नाही, तिच्यातल्या डेटाची जबाबदारी कंपनीची नाही.

त्या डिस्कवर लोकांच्या घरचे समारंभ आहेत. आधार कार्डांचे स्कॅन आहेत. जमिनीचे कागद आहेत, ज्यांतल्या काहींवरून भावाभावांत दावे चालू आहेत. ते पुसून देतो म्हटलं तर डिस्क चालू होत नाही. इथल्या दुरुस्तीवाल्याला दाखवली. सील तोडलं तर वॉरंटी जाईल म्हणून त्यानं बाहेरूनच टॉर्च मारून बघितली. त्याचं म्हणणं, पूर्वीच्या डिस्कमध्ये वरची पेटी उघडली की आत साधं साटा कनेक्शन (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कला असतं तसं) मिळायचं. ते दुसऱ्या केसमध्ये जोडून डेटा काढता यायचा, पुसता यायचा. हल्लीच्या पुष्कळ मॉडेलांत यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या बोर्डवरच डाकलेलं असतं. सॉकेट गेलं की बाहेरून आत जायची वाटच बंद. म्हणजे जो भाग रोज हाताळला जातो, तोच तुम्ही असा बसवला आहे की तो मोडला तर सगळी डिस्क मोडीत.

शिवाय बॉक्सवर ‘२५६-बिट एईएस हार्डवेअर एन्क्रिप्शन’, म्हणजे डेटा सांकेतिक करून कुलूपबंद ठेवायची सोय, असं लिहिलं आहे. मी पासवर्ड लावलेला नाही. अशा वेळी तुमच्या केंद्रात बोर्डवरचं सॉकेट नीट करणाऱ्याला सगळ्या फायली उघड्या दिसतील की नाही, हा प्रश्न मी फोनवर विचारला, ईमेलवरही विचारला. उत्तर आलं नाही. फोनवरच्या ताईंना दोष देत नाही, त्यांच्यापुढच्या कागदावर ते नसणार.

माझ्या मागण्या सरळ आहेत. डिस्कची बिलातली पूर्ण रक्कम परत करावी, कारण जे सांगून विकलं ते दिलेलं नाही. बदली डिस्क मला नको. नादुरुस्त डिस्क माझ्याकडेच राहू द्यावी. तुम्हाला ती तपासायचीच असेल तर तुमच्या माणसानं परभणीत येऊन माझ्यासमोर तपासावी. पासवर्ड नसताना डेटा वाचता येतो का, याचं उत्तर लेखी द्यावं. आणि यापुढे एसएमआर असलेल्या मॉडेलच्या बॉक्सवर तसं छापावं, शेजारी तबकडीचा सलग लिहिण्याचा वेग द्यावा, केबलचा नव्हे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. तुमच्या एका अधिकाऱ्यानं ‘तुमचा वापर व्यावसायिक आहे’ असं सुचवलं होतं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्याच कायद्यानं व्यावसायिक हेतूतून वगळली आहे. स्टुडिओत मी आणि माझा कॅमेरा, तिसरं कुणी नाही. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे मला मुंबईला किंवा दिल्लीला यायची गरज नाही. तुम्हाला परभणीला यावं लागेल.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि मग परभणी जिल्हा आयोगाकडे अर्ज देईन. उत्तर मराठीत दिलंत तर बरं. ईमेलची शेवटची ओळ ‘हे स्वयंचलित उत्तर आहे’ अशी नसावी.

आपला ग्राहक,
फोटो स्टुडिओचालक, परभणी

सोबत : बिलाची प्रत, बॉक्सच्या चारही बाजूंचे फोटो, कॉपी होताना वेग घसरल्याचे स्क्रीनशॉट, एसएमआरबाबत तुमच्या कंपनीचा ईमेल, सॉकेटचा व्हिडिओ (पेन ड्राइव्हमध्ये, तो परत नको).