डोमेन माझ्या नावावर करून द्या: वेबसाइटच्या कामाबद्दल लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: लघुउद्योग पॅकचं अर्धवट काम, चुकीचा मजकूर आणि अडवून ठेवलेलं डोमेन

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेतल्या गृहस्थांनी माझं बोलणं अर्ध्यात तोडून फोन ठेवला, म्हणून आता लेखी कळवते. पॅकमध्ये काय येतं ते मी तुम्हाला सांगायला नको. डोमेन म्हणजे साइटचं नाव-पत्ता, साइट ठेवायची जागा म्हणजे होस्टिंग, सुरक्षित जोडणीचं एसएसएल, पाच पानं, धंद्याच्या नावाचा ईमेल, सगळं तुमच्याच पावतीवर छापलेलं आहे. पैसे मी पूर्ण भरलेले आहेत.

माझा सावद्याला घरगुती उद्योग आहे. केळीचे वेफर्स, उडदाचे आणि नागलीचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया. गल्लीतल्या बायका माझ्यासोबत काम करतात, त्यांची मजुरी याच मालावर निघते. वाळवण होतं ते चैत्र-वैशाखात, आणि पुण्याला, मुंबईला, सुरतेला गेलेली आमची माणसं त्याच दिवसांत माल मागवतात. म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी साइट चालू पाहिजे, हे पैसे भरतानाच सांगितलं होतं. आखाजी गेली, मृगही लागला. साइट उघडली की आजही 'लवकरच येत आहोत' एवढंच दिसतं.

उशिराचं खापर तुमचे लोक 'कंटेंट मिळालं नाही' म्हणून माझ्यावर फोडतात. हे धादांत खोटं आहे. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, प्रत्येक पाकिटाचं निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, माल बनतो तिथला पत्ता, तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि फोन, कुठे पाठवायला किती खर्च, फुटलेला माल पोचला तर काय करणार, हे सगळं एकाच ईमेलने पाठवलं आहे. मराठी मजकूर मुद्दाम युनिकोडमध्ये टाइप करून घेतला, कारण डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर साइटवर टाकला की वाचताच येत नाही. फोटो भाचीने गच्चीवर सकाळच्या उन्हात काढले, आणि गावाकडच्या नेटवर्कवरही पान पटकन उघडावं म्हणून फाइली लहान करून दिल्या. खाण्याचा माल ऑनलाइन विकणाऱ्याला वजन, किंमत, पत्ता लपवून चालत नाही. कायदा सोडा, गिऱ्हाईकही विश्वास ठेवत नाही.

यातलं तुम्ही काय वापरलं? तपासायला पाठवलेल्या पानांवर माझा एकही फोटो नव्हता. वेफर्सच्या जागी कुठल्यातरी बटाटा चिप्सचं चित्र, खाली 'केरळ स्टाइल बनाना चिप्स'. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते वाक्य मी लिहून दिलं होतं, तेच काढून टाकलं. रावेर तालुक्यात बसून केळीचे वेफर्स मी केरळच्या नावाने विकू का? माल परत घेण्याच्या पानावर तर दुसऱ्याच एका कपड्याच्या दुकानाचा मजकूर, त्या दुकानाच्या नावासकट: 'वस्तू धुतलेली नसावी, टॅग काढलेला नसावा.' ही पानं पाहून साइटवर ऑनलाइन पैसे घेण्याची सोय देणाऱ्या पेमेंट गेटवेवाल्यांनी माझा अर्ज नाकारला. तो पुन्हा करायचा तर आधी ही पानं दुरुस्त व्हायला हवीत, आणि ती तुमच्याच हातात आहेत.

आता डोमेन. नोंद शोधून पाहिली तर मालकाच्या रकान्यात तुमच्या कंपनीचं नाव! ते माझ्या उद्योगाचं नाव आहे. पाकिटांवर छापलंय, दुकानाच्या पाटीवर आहे.

यावर आज जे संभाषण झालं ते जसंच्या तसं लिहिते. मी विचारलं, डोमेन माझ्या नावावर कधी करणार आणि ते दुसऱ्या कंपनीकडे हलवायला लागणारा ट्रान्सफरचा कोड कधी देणार? उत्तर आलं, "मॅडम, डोमेन आमच्याच अकाउंटला असतं, सगळ्यांचं तसंच असतं." मी म्हटलं, पावतीवर डोमेनचे पैसे वेगळे लावलेत. यावर त्यांनी बाजूच्या कुणाला तरी काहीतरी सांगितलं. मला हसण्याचा आवाज स्पष्ट आला. मग म्हणाले, "पापड विकायला डोमेन कशाला लागतं? व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाका, लोक घेतात की." मी विचारलं, हे पैसे घेण्याआधी का नाही सांगितलं? "ती सेल्स टीम वेगळी." मी वरिष्ठांना फोन द्या म्हटलं, तर ते म्हणाले, "घरात मिस्टर असतील ना, त्यांना द्या फोन. त्यांना समजावून सांगतो." मी सांगितलं की धंदा माझा आहे, परवाना माझ्या नावावर आहे, बँकेचं खातं माझं आहे, तुम्हाला पैसेही माझ्याच खात्यातून आलेत. तेवढ्यात फोन बंद.

हे मला फार लागलं. 'मराठीतून सेवा, लहान उद्योगांची हक्काची कंपनी' ही तुमची जाहिरात वाचून मी तुमच्याकडे आले होते. मराठीतून अपमान करून घ्यायला नव्हते आले.

माझ्या मागण्या साध्या आहेत. डोमेनची मालकी माझ्या नावावर करा आणि कोड द्या. होस्टिंगचं लॉगिन द्या. मी दिलेला मजकूर आणि फोटो जसेच्या तसे लावा, आणि ते जमणार नसेल तर डोमेन मला देऊन बाकीचे पैसे परत करा. डोमेन मात्र कुठल्याही परिस्थितीत माझंच, त्यावर तडजोड नाही.

तुम्ही स्वतः ऑनलाइन सेवा विकता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत करायचं असतं. झालं नाही तर आधी १९१५ या हेल्पलाइनवर आणि नंतर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. स्वतःच्या पोटापाण्यासाठी धंदा करणारी व्यक्तीही ग्राहकच ठरते, आणि २०१९ च्या कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. डोमेन डॉट इन आहे, त्यामुळे डॉट इन नावांचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेकडेही लिहिणार आहे.

पावती, पाठवलेले सगळे ईमेल आणि त्या पानांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. उत्तर फक्त ईमेलवर द्या, माझ्या नावाने द्या. फोन करू नका.

तुमची ग्राहक,
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव