कोबीला दोष देऊन फिट थांबणार नाहीत

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या खानापूर तालुक्यात काय आणि बेळगाव शहरात काय, कुणाला फिट आली की दोनच गोष्टी कानावर येतात. एक तर बाहेरचं काहीतरी लागलंय, देवरुषाला दाखवा. नाहीतर मग कोबी खाल्ला असेल, कोबीतला किडा मेंदूत गेला. ही कोबीची समजूत तर चांगल्या शिकलेल्या लोकांत पण इतकी घट्ट बसलीय की कित्येक घरांत कोबी आणायचाच बंद झालाय, आणि व्हॉट्सअॅपवर तो हिरव्या अळीचा व्हिडिओ अजून फिरतोच आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते, मुलांच्या बाबतीत हे जवळून बघितलंय, म्हणून लिहितेय, कृपा करून छापा.

कोबीवरच्या हिरव्या अळीचा आणि फिटचा काडीचाही संबंध नाही. मेंदूत गाठ होते ती डुकराच्या टेपवर्मची, म्हणजे पट्टकृमीची, आणि त्याची अंडी येतात माणसाच्या शौचातून. होय, माणसाच्याच. ज्या डुकराच्या मटणात या किड्याच्या गाठी आहेत ते कच्चंपक्कं खाल्लं की माणसाच्या आतड्यात जंत वाढतो, चांगला दोन-तीन मीटर लांब होतो, आणि बहुतेक वेळा त्या माणसाला पत्ताच नसतो, फार तर कधीतरी शौचात पांढरे चपटे तुकडे दिसतात. एकेका तुकड्यात हजारोंनी अंडी. असा माणूस साबणानं हात न धुता स्वयंपाकाला लागला की अंडी ताटात, उघड्यावर बसला की शेतात, पाण्यात, पालेभाजीवर. डुकरानं ती खाल्ली तर डुकराच्या मासात गाठी होतात आणि माणसानं गिळली तर माणसाच्या अंगात, स्नायूत, डोळ्यात, मेंदूत. म्हणजे मटणातनं पोटात जंत होतो, पण मेंदूतली गाठ होते अंडी गिळून, आणि अंडी गिळायला मटण खावं लागत नाही.

हे एवढ्यासाठी सांगतेय की आमच्या शाळेतल्या पाचवीतल्या एका मुलीचं घर माळकरी आहे, आजोबा वारीला जातात, घरात अंडंसुद्धा चालत नाही. पोरगी वहीत लिहीत होती, लिहिता लिहिता उजवा हात उडायला लागला, पेन पडलं, मग तोंड एका बाजूला ओढलं आणि बाकावरनंच खाली. कुणी चप्पल हुंगवा म्हणतंय, कुणी कांदा आणायला पळतंय, एक जण तर दातात चमचा घालायला निघाला. आम्ही सगळ्यांना बाजूला केलं, तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत बसलो, कारण पाच मिनिटांवर फिट चालली तर थेट दवाखाना गाठायचा असतो. पुढं एमआरआय झाला, त्यात ज्वारीच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी गाठ, भोवती सूज. आणि तिथं पहिला प्रश्न काय, तर घरात डुक्कर खाता का. आजोबांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला, तोंडातनं शब्द फुटेना. त्यांना नीट समजावून सांगायला कुणालाच वेळ नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

न्यूयॉर्कमध्ये ऑर्थोडॉक्स ज्यू लोकांत, ज्यांच्या धर्मात डुक्कर वर्ज्य आहे, हाच आजार सापडला होता, 1992 साली ते प्रसिद्ध पण झालं. घरकामाला येणाऱ्या बायकांपैकी कुणाच्या पोटात जंत होता, तिच्या हातातनं अंडी जेवणात गेली होती. त्यात त्या बाईचा तरी काय दोष, तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. आपल्याकडे सीटी स्कॅन नवीन आलं तेव्हा असले बारीक ठिपके टीबीचे समजून लोकांना महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या दिल्या जायच्या, मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की त्यातले बरेचसे या किड्याचे आहेत. आणि हा आजार क्वचितचा पण नाही, जिथं हा किडा आहे तिथल्या फिटच्या पेशंटांपैकी सुमारे 30 टक्क्यांना याच्यामुळंच फिट येते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यावर औषध आहे. फिटच्या गोळ्या डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत एकही दिवस चुकवायच्या नाहीत. फिट थांबली म्हणून गोळी थांबवली की परत येऊ शकते, आणि मग लोक म्हणतात औषधाचा उपयोग नाही, चला देवरुषाकडं. दुसरं म्हणजे शाळेत जंतदिनाला मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी पोटातल्या जंतासाठी आहे, ती मेडिकलमधनं आणून मेंदूतल्या किड्यासाठी मनानं खाऊ नये. मेंदूत किडा मरताना सूज वाढते आणि उलट जोरात फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टर ती देतात तेव्हा सोबत स्टेरॉइड देतात, आणि गाठ आधीच मरून वाळलेली असेल तर देतच नाहीत.

या मुलीच्या शेजारी आमच्या मुलाला बसवू नका असं सांगायला काही पालक आले होते. शेजारी बसून, एका डब्यात जेवून फिट लागत नाही हो. अंडी पसरतात ती ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्याकडनं, आणि तो घरातला, शेजारचा, हॉटेलातला कुणीही असू शकतो, धडधाकट असतो. म्हणून अशा पेशंटच्या घरातल्या सगळ्यांचं शौच तपासलं पाहिजे, जंत सापडला तर साध्या औषधानं जातो. पण आमच्याकडं पेशंटला चिठ्ठी देऊन पाठवतात, घरच्यांना कोण विचारतंय?

पावसाळ्यात बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात शिरतं ही बातमी दरवर्षी येते आणि भाताच्या नुकसानीवर संपते. त्या पाण्यात शहराचं सांडपाणी असतं, शेजारी भाजीपाला असतो, मोकाट डुकरं पण तिथंच. नुकसानभरपाईबरोबर हे पण कुणीतरी विचारायला हवं. शिजवलेल्या भाजीत अंडी मरतात, कोबीची भाजी खुशाल खा. भीती आहे ती कच्च्याची, कोशिंबिरीतला मुळा, गाजर, भेळीवरची कोथिंबीर, ते वाहत्या पाण्यात चोळून धुतलंच पाहिजे.

आरोग्य खात्याला माझी विनंती आहे की शाळेत माध्यान्ह आहार शिजवणाऱ्या बायकांची शौच तपासणी दरवर्षी मोफत व्हावी, त्यांच्यावर संशय म्हणून नाही, त्यांची पण काळजी म्हणून. आणि फिटची, हात धुण्याची माहिती दवाखान्यात कानडीबरोबर मराठीत पण लावा. जांबोटी, कणकुंबीकडच्या आज्यांना कानडी वाचता येत नाही आणि घरात पोराला फिट आली की काय करायचं ते त्याच ठरवतात. निदान आशाताईंच्या हातात एक पानाचं मराठी पत्रक द्या, वाचून दाखवायला आम्ही शिक्षिका घरोघरी जायला तयार आहोत.

आपली,
एक शिक्षिका, खानापूर तालुका